काम सुटलं की अख्खं घर का आजारी पडतं? नाशिकच्या उदाहरणातून समजून घेऊया

अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला 'तुला कामावरून काढलं' असं सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. ठेकेदाराचा फोन येतो. "सोमवारपासून येऊ नको, ब्रेक आहे. ऑर्डर आली की बोलावतो." एवढंच. पत्र नाही, तारीख नाही, हिशोब नाही.

त्यामुळे नोकरी गेली आहे की थोडे दिवस थांबायचं आहे, हे त्या माणसाला स्वतःलाच कळत नाही. घरी काय सांगायचं, हाही प्रश्न असतोच. काही जण घरी सांगतच नाहीत. रोजच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी परत येतात.

नोकरी गेल्यावर पैशाची अडचण होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण झोप उडणं, घरात भांडणं वाढणं, दारू, मुलांचं गप्प होणं, जगण्यातच रस न उरणं या गोष्टी त्याच अडचणीचा भाग आहेत, हे फारसं बोललं जात नाही. कमी उत्पन्नाच्या घरात हा त्रास जास्त का होतो? आणि त्यावर खरंच काही उपाय आहे का?

नाशिकमध्ये काम जातं कसं?

नाशिकची ओळख द्राक्षं, कांदा आणि कुंभमेळ्याची असली तरी शहरातल्या हजारो घरांची चूल कारखान्यांवर पेटते. सातपूर आणि अंबडमध्ये महिंद्रा, बॉश यांसारख्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने आणि वर्कशॉप त्यांच्या आजूबाजूला आहेत. तिथे काम करणाऱ्यांमध्ये धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिकच्याच ग्रामीण तालुक्यांतून आलेली बरीच मंडळी आहेत. सिडको, अशोकनगर, श्रमिकनगर अशा भागांत ही कुटुंबं राहतात.

वाहन उद्योगात मंदी आली की तिचा पहिला फटका या साखळीच्या शेवटच्या टोकाला बसतो. २०१९ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी जुलैमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली. ऑगस्टमध्ये महिंद्राने त्या तिमाहीत आपल्या कारखान्यांत ८ ते १४ दिवस उत्पादन बंद ठेवणार असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपनीत असे दिवस जाहीर होतात, तेव्हा कायम कामगाराचा पगार बहुतेक वेळा टिकतो. कंत्राटी कामगाराची हजेरी मात्र बुडते आणि छोट्या वर्कशॉपमध्ये तर कामच येत नाही.

त्यातून सावरायच्या आत २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशात सुमारे १२ कोटी लोकांचं काम गेलं. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकमार्गे पायी गावी निघालेल्या माणसांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. ते चालताना दिसले म्हणून त्यांची बातमी झाली. भाड्याच्या खोलीत दार लावून बसलेल्यांची झाली नाही.

आकड्यांमध्ये हे दिसतं का?

थोडं दिसतं, पण बरंचसं लपून राहतं.

सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. हा आकडा लहान का दिसतो, हे समजून घ्यायला हवं. इथे माणसाची वर्षभरातली नेहमीची स्थिती बघतात. वर्षात किमान ३० दिवसांचं जोडकाम असलं तरी तो 'रोजगारात' धरला जातो. याच सर्वेक्षणात आठवड्यावर आधारित दुसरी पद्धतही आहे. तिच्यात सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही बेरोजगार ठरत नाही. म्हणजे 'ब्रेक' मिळालेला आणि मधूनच एखादा दिवस हमाली करणारा कामगार या मोजणीत कामावरच असतो.

दुसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा म्हणजे एनसीआरबीचा आहे. २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते. म्हणजे दर चारांमागे एक. २०१४ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२१ मध्ये जीव गमावलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली होती, २२,२०७.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायला हवी. एनसीआरबी व्यवसायाची नोंद करते. त्यामुळे प्रत्येक मृत्यूमागे काम जाणं हेच कारण होतं, असा अर्थ काढता येत नाही. आत्महत्येमागे सहसा अनेक कारणं एकत्र येतात. पण ज्यांचं उत्पन्न कमी आणि बेभरवशाचं आहे, त्यांच्यावर हा ताण जास्त आहे, एवढं या नोंदींतून नक्की दिसतं.

पैसे नाहीत म्हणून काळजी, की आणखी काही?

याचं उत्तर शोधायला जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागेल. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. अख्खं गाव एका कापड कारखान्यावर अवलंबून. १९२९-३० च्या मंदीत कारखाना बंद पडला. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४७८ कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. लोकांकडे वेळच वेळ होता, पण लायब्ररीतून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. पुरुष रस्त्याने हळू चालायचे, मध्येच थांबायचे. दिवसभर काय केलं, हे त्यांना नीट सांगता यायचं नाही. बायका मात्र भरभर चालत होत्या. कारण कारखाना बंद झाला तरी घरातलं काम बंद झालं नव्हतं.

याहोडा यांनी पुढे यातून एक मांडणी केली. काम आपल्याला पगार देतं, हे उघड आहे. पण त्याशिवाय ते पाच गोष्टी देतं: दिवसाला शिस्त, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सगळ्यांनी मिळून काही घडवल्याची भावना, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकदम जातात.

आपल्याकडे तर ओळखीचा मुद्दा आणखी टोकदार आहे. गावी गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "काय रे, कुठल्या कंपनीत आहेस?" लग्न जमवताना, खोली भाड्याने घेताना, दुकानात उधारी मागताना कंपनीचं नाव हीच पत असते.

मग गरीब घरात वेगळं काय होतं?

एक हिशोब करून बघू. समजा, घरात एकच कमावता आहे आणि पगार १४ हजार रुपये. खोलीभाडं ४ हजार, गटाच्या कर्जाचा हप्ता ३ हजार, मुलांची फी आणि रिक्षा दीड हजार, गावी आई-वडिलांना २ हजार. उरले साडेतीन हजार. त्यात किराणा, गॅस, लाइटबिल आणि दवाखाना.

या घरात बचत नाही. काम गेल्यावर पहिल्या महिन्यात किराणा उधारीवर येतो. दुसऱ्या महिन्यात सोनं गहाण पडतं. तिसऱ्या महिन्यात जुना हप्ता भरायला नवं कर्ज घेतलं जातं. पगारदार मध्यमवर्गीय माणसाला दुसरी नोकरी शोधायला सहा महिने मिळू शकतात. इथे सहा आठवडेही मिळत नाहीत. म्हणून माणूस मिळेल ते, कमी पैशाचं काम धरतो आणि पुन्हा तिथेच अडकतो.

गरिबी आणि नैराश्य यांच्या संबंधावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. एकाच देशात सर्वांत कमी उत्पन्न असलेल्या लोकांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार असण्याची शक्यता सर्वांत जास्त उत्पन्न असलेल्यांच्या तुलनेत दीड ते तीन पट असते, असं त्यात म्हटलं आहे. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. पैसा गेला की मन खचतं. मन खचलं की झोप, एकाग्रता आणि हिंमत जाते. मग नवं काम शोधणं, चार ठिकाणी विचारणं, मुलाखतीला उभं राहणंच जमत नाही. बाहेरून बघणारा म्हणतो, "आळशी झालाय."

त्यात आणखी एक अडचण आहे. कामगाराचा दवाखानाही नोकरीला बांधलेला असतो. दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय म्हणजे राज्य कामगार विम्याचं कवच असतं. सातपूरला त्याचं रुग्णालय आहे. वर्गणी थांबली की ठरावीक काळानंतर हे कवच संपतं. उपचारांची गरज वाढते, त्याच सुमारास उपचारांचा हक्क सुटतो.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

पुरुषाचं काम गेलं की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. पण घर चालवायची जबाबदारी तिच्यावर येते. ती दोन घरची धुणीभांडी वाढवते, शिलाई घेते, डबे करते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावातल्या कित्येक घरांत हेच घडलं. संसार बायकांच्या कष्टांवर तगला आणि त्या कष्टांची चर्चा फार उशिरा झाली.

बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुतेक वेळा तिच्याच नावावर असतं. त्यामुळे हप्ता चुकला की गटातल्या शेजारणींसमोर मान तिला खाली घालावी लागते. नवऱ्याची चिडचिड, काही घरांत मारहाण आणि दारूचा खर्च हेही तिच्याच वाट्याला येतं.

मुलांना कुणी काही सांगत नाही, पण त्यांना सगळं कळतं. सहलीचे पैसे मागायचे नाहीत, वही संपली तरी सांगायचं नाही, हे ती आपणहून शिकतात. मोठा मुलगा 'क्लास सोडतो, कुठेतरी लागतो' म्हणतो. घरच्यांना तो समजूतदार वाटतो. खरं तर त्या वयात त्याच्यावर ओझं आलेलं असतं.

हे लोक डॉक्टरकडे का जात नाहीत?

जातात. पण मनाची तक्रार घेऊन जात नाहीत. डोकं दुखतं, छातीत धडधड होते, ॲसिडिटी होते, अंग दुखतं, झोप लागत नाही, अशी तक्रार असते. गोळी मिळते आणि माणूस घरी येतो. मनाच्या त्रासासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे, 'टेन्शन'. आणि टेन्शनसाठी दवाखान्यात जायचं असतं, हेच अनेकांना पटत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १० टक्क्यांहून जास्त प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. शिवाय रोजंदारीवरच्या माणसाला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असली, तरी रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

उपाय आहे का? नाशिक जिल्ह्यातलाच एक प्रयोग

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी' या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांमध्ये 'आत्मीयता' नावाचा प्रयोग केला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. कोण गप्प झालंय, कोण सारखं पीत बसतंय, हे ओळखायचं. त्याच्याशी बोलायचं, ऐकून घ्यायचं आणि त्रास जास्त असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. बोलणं सुरू व्हावं म्हणून मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवल्या जायच्या.

पण या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हेच कार्यकर्ते लोकांना सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करायचे. कारण ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला नुसतं 'सकारात्मक विचार कर' सांगून भागत नाही. हा प्रयोग पुढे गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

आणखी दोन अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात. गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या अभ्यासात तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत मदत केली. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. भर होता दिवसात छोटी छोटी कामं परत सुरू करण्यावर. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मारिएनथालमधले पुरुष दिवसाची जी घडी हरवून बसले होते, तीच इथे पुन्हा बसवली जात होती.

दुसरा अभ्यास इंडोनेशियाचा. तिथे गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देण्याची योजना ज्या भागांत पोहोचली, तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालं.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. काम गेलेल्या गरीब घराला हप्त्याची सोय आणि मनाचा आधार दोन्ही एकाच वेळी लागतात. एकटं समुपदेशन पुरत नाही आणि चार महिन्यांनी आलेले पैसे उशिराचे ठरतात.

काम गेलं असेल तर हक्काचं काय मिळू शकतं?

* भरपाई: एक वर्ष सलग काम झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन द्यावं लागतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांच्या वेतनाइतका पुनर्कौशल्य निधीही आहे. हजेरीचे कागद, पगाराचे मेसेज, गेटपासचा फोटो जपून ठेवा. दाद कामगार आयुक्त कार्यालयात मागता येते.
* बेरोजगारी भत्ता: ईएसआयची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' २०१८ मध्ये सुरू झाली. २०२० मधल्या सुधारणेनंतर तिच्यात सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. दोन वर्षं विमा असणं आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरणं, या मुख्य अटी आहेत. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे ईएसआयच्या कार्यालयात आधी खात्री करा.
* कर्जवसुली: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणं, शिवीगाळ करणं, नातेवाइकांना त्रास देणं यालाही बंदी आहे.
* उपचार: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ही सोय असते.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली असेल, माणूस सगळ्यांना टाळत असेल, दारू वाढली असेल, 'माझा काही उपयोग नाही', 'मी ओझं झालोय' असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. बाजूला घेऊन विचारा, "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'लागेल रे कुठेतरी' म्हणून विषय संपवू नका. सकाळी बरोबर चाला, अर्ज भरायला सोबत जा, ठेकेदाराकडे हिशोब मागायला जाताना शेजारी उभे राहा.

आणि घरात खरं सांगा. डबा घेऊन बाहेर पडण्याचं नाटक रोज करायला लागणारी ताकद काम शोधायला लागणाऱ्या ताकदीतूनच खर्च होते.

पुढचा प्रश्न

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल, घाट यांची कामं निघाली आहेत. त्यावर हजारो हातांना काम मिळतं. पण ही कामं कधी ना कधी संपणार आहेत. तेव्हा त्या माणसांची नोंद कुठे असेल? कामगार विभाग, ईएसआय आणि सिव्हिल हॉस्पिटल यांनी एकत्र येऊन 'ब्रेक'वर गेलेल्या कामगारापर्यंत पहिल्याच महिन्यात पोहोचायचं ठरवलं, तर त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. त्याचा एक नमुना नाशिक जिल्ह्यातल्याच गावांनी दाखवला आहे.

*तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाला मानसिक त्रास होत असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं.*